कॉलरमास्तरांचा बोका

बोक्याला कॉलर हवी, हे एका बोक्याला सोडून घरात सगळ्यांना पटलं होतं.

झालं होतं असं, की समोरच्या बेकरीवाल्याने बॉबिनला भटका समजून पाण्याची अख्खी बादली त्याच्या अंगावर रिकामी केली. बॉबिन म्हणजे या शिंप्याच्या घरातला बोका. काळाकुळकुळीत, गुबगुबीत, आणि पिल्लू असताना शिलाई मशीनच्या बॉबिनचा दोरा तोंडात धरून दुकानभर फिरायचा म्हणून हे नाव. दुकानाच्या दर्शनी काचेमागे त्याची ठरलेली जागा होती. तिथे तो असा बसायचा, की दुकान त्याचं आहे आणि शिंपी त्याच्याकडे कामाला आहे असं वाटावं. असा हा बोका कान पाडून, थेंब गाळत घरी आला, तेव्हा घरातली नववीतली मुलगी भडकली.

तिला घरात ठिणगी म्हणत. गेल्या वर्षापर्यंत हे नाव निव्वळ थट्टेचं होतं, कारण ती वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. यंदा ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं, ते बंद करायचं बटण खुद्द आईलाही सापडेना. आणि आई तर दुकानातली सगळी काजं-बटणं करायची.

"बाबा, याच्या गळ्यात पट्टा हवा," ठिणगी म्हणाली. "बाजारात मिळतो. लाल, घुंगरू लावलेला. पट्टा दिसला की लोकांना कळेल, हा कुणाचातरी आहे."

बाबांनी कात्री खाली ठेवली. ते कात्री खाली ठेवत ती फक्त जेवताना आणि अपमान झाल्यावर.

"कॉलरमास्तरच्या घरात," ते सावकाश म्हणाले, "गळ्यातली वस्तू बाजारातून आणायची?"

कॉलरमास्तर हे नाव त्यांना लोकांनी दिलं होतं आणि त्यांनी ते अंगाला बसतं करून घेतलं होतं. शर्ट काय, कुणीही शिवतो. पण मास्तरांची कॉलर धुवा, पिळा, उशीखाली ठेवा, ती मान टाकायची नाही. आत बकरमचा, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या त्या जाड कडक कापडाचा, दुहेरी थर. वरून खळ. खळीवर अशी जड इस्त्री, की टेबल कण्हायचं. चांभाराची नजर जोड्यावर असते म्हणतात, मास्तरांची गळ्यावर असायची. रस्त्यात ओळख ना पाळख अशा माणसाचीही कॉलर ते दोन बोटांनी सरळ करून पुढे जायचे, आणि तो माणूस बिचारा खिसे चाचपत राहायचा.

ते स्वतः मात्र वर्षानुवर्षं बिनगळ्याची सुती बंडी घालून मशीनवर बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, दिवसभर वाकून शिवणाऱ्याला कॉलर काय कामाची, कॉलर गिऱ्हाइकाला शोभते.

ठिणगीला बाबांचा कोण अभिमान. शाळेचे गणवेश मास्तरांकडेच शिवले जायचे, त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या सगळ्या माना एका ओळीत ताठ दिसायच्या. नवीन मुलगी वर्गात आली, की ठिणगी तिची कॉलर दाखवून सांगायची, ही आमच्या बाबांची. आता, ती मुलगी आठवड्याभरातच मान खाजवायला लागायची, ही गोष्ट वेगळी. कॉलरच्या आत रुमालाची घडी कशी सरकवायची हे तिला मागच्या बाकावरची कुणीतरी शिकवायची. सगळ्या वर्गाच्या कॉलरमध्ये रुमाल होते. ठिणगीच्यासुद्धा. पण हे घरी सांगायची गोष्ट आहे, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. सूर्याला कुणी सांगतं का, ऊन लागतंय म्हणून?

तर मास्तरांनी बोक्याच्या गळ्याचं माप घेतलं. बॉबिनने टेपशी मारामारी केली, ती मास्तरांनी उत्साह समजून मोडीत काढली. संध्याकाळपर्यंत कॉलर तयार. पांढरीशुभ्र, टोकदार, समोर शिंपल्याचं बटण. साहेबलोकांच्या शर्टाला असते तशीच, फक्त खाली शर्ट नाही.

काळ्या बोक्याच्या गळ्यात ती पांढरी कॉलर बसली आणि बॉबिनचा एकदम रजा नामंजूर करणारा अधिकारी झाला. काचेपुढे लोक थांबू लागले. आयांनी पोरांना उचलून दाखवलं. बेकरीवाला स्वतः रस्ता ओलांडून आला, बादलीबद्दल माफी मागितली, तीही बॉबिनकडे बघून. मास्तर दारात उभे राहून सांगायचे, "बघा, मान कशी ठेवतो." बॉबिन मान तशीच ठेवायचा, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

याच धामधुमीत मास्तरांनी ठरवलं, की दुकानाची पाटी नवीन करायची. जुनीवरची अक्षरं उडून 'कॉलरमास्तर'चं नुसतं 'लरमास्त' राहिलं होतं. नव्या पाटीवर मोठा फोटो येणार होता. मास्तर आणि बॉबिन, शेजारी शेजारी, एकसारख्या कॉलरमध्ये. त्यासाठी मास्तर जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा कॉलरचा शर्ट शिवायला बसले. फोटोवाल्याला पुढच्या महिन्यातल्या रविवारचं आवतण गेलं. मास्तर गिऱ्हाइकाला पाटीचं सांगत, मग गिऱ्हाइकाचं माप घेत, मग पुन्हा पाटीचं सांगत.

आणि बॉबिन खाजवायला लागला.

आधी अधूनमधून. मग बसल्या बसल्या मागचा पाय वर जायचा आणि कॉलरवर खर्र खर्र आवाज यायचा. मग मशीनचा आवाज कोणता आणि बोक्याचा कोणता, हे कळेनासं झालं.

"पिसवा," मास्तरांनी निदान केलं. "बेकरीतून आणल्या असतील."

म्हणून बॉबिनला आंघोळ घालण्यात आली. त्या आंघोळीत आई, ठिणगी आणि न्हाणीघराची भिंत भिजली, बॉबिन कमीत कमी. पण कॉलर ओली होऊन मऊ पडली, ती मास्तरांना बघवेना. त्यांनी तिला दुप्पट खळ लावली. दुसऱ्या दिवशी खाज वाढली. मग मास्तरांच्या मनात आलं, की कॉलर मळत असेल, मळाने खाज येते. म्हणून रोज नवी कॉलर. रोज नवी खळ, रोज नवी इस्त्री. खाज आणखी वाढली. मग मासळी बंद करून पाहिली, तेव्हा बॉबिन बेकरीवाल्याच्या दारात जाऊन बसला. खळीची कॉलर घातलेला प्रतिष्ठित बोका पावाच्या तुकड्यासाठी म्याव म्याव करतोय, हे बघून बेकरीवाल्याने मास्तरांची तब्येत विचारायला माणूस पाठवला.

एका दुपारी बॉबिन मांडीत येऊन बसला, तेव्हा ठिणगीने कॉलरचं बटण काढलं आणि ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून आई उठून बघायला आली.

बोक्याच्या गळ्याभोवती केस उरले नव्हते. लालबुंद, चिरलेली कातडी, मधे मधे पुरळ, आणि ते सगळं अगदी कॉलरपट्टीच्या रुंदीचं. जणू कुणी माप घेऊन खडूने आखलं होतं. बॉबिनने हळूच मान लांब केली आणि तिच्या मनगटावर ठेवून दिली.

ठिणगीचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. तिथे तसाच चट्टा होता, जरा सौम्य. तिच्याकडे रुमाल होता. बॉबिनला रुमालाची घडी घालता येत नव्हती, हाच काय तो फरक.

"आई, हे कॉलरनं झालंय."

"मला माहितीये," आई म्हणाली.

"मग सांग ना बाबांना."

"मी? लग्न झाल्यापासून कॉलरबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. विक्रम मोडू का आता?" आईने बॉबिनच्या कानामागे बोट फिरवलं. "मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी मिळत नाही म्हणतात. इथं सोडवायलाही कुणी मिळायचं नाही."

ठिणगीने सोपा मार्ग काढून पाहिला. कॉलर गुपचूप काढून ठेवली. मास्तरांना ती मशीनखाली सापडली आणि त्यांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की बटण सैल आहे. त्यांनी बटणाच्या जोडीला आतून एक हूक लावला. चोराला पकडायला म्हणून भिंत उंच करावी आणि चोर आतच असावा, तशातला प्रकार.

शेवटी ठिणगीने हट्ट धरला आणि बॉबिनला टोपलीत घालून बापलेक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ठिणगीला वाटलं, बरं झालं, शिकलेला माणूस आहे, तो सांगेल. मला सांगावं लागणार नाही.

डॉक्टर मास्तरांचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांना बघताच मास्तरांनी आधी त्यांची कॉलर सरळ केली आणि मग टोपली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बोक्याची कॉलर वर उचलून पाहिली. भिंग लावून पाहिलं.

"चट्टा गळ्याभोवती सगळीकडे सारखाच आहे," ते म्हणाले. "पिसवा नाहीत. खाण्याचाही संबंध नाही. याचा अर्थ सरळ आहे मास्तर, हे जे काही आहे ते..."

"बोला ना."

डॉक्टरांनी वर पाहिलं. मास्तर छाती काढून उभे होते.

"एवढं मात्र सांगतो डॉक्टर, माझी कॉलर आजवर एका माणसाला टोचलेली नाही. तुम्ही किती वर्षं घालताय, तुम्हीच सांगा. टोचली कधी?"

डॉक्टरांचं बोट तेव्हा नेमकं स्वतःच्या कॉलरच्या आत होतं. साखरेच्या डब्यात हात सापडलेल्या पोरासारखं त्यांनी ते बाहेर काढलं.

"छे छे," ते म्हणाले. "याच्या... मानेला विश्रांती द्या. मानेवरचा भार कमी करा. हे मलम लावा."

मास्तर टोपली घेऊन पुढे झाले, तेव्हा डॉक्टर दारात ठिणगीच्या कानाशी वाकले. "ती कॉलर काढ आधी," ते कुजबुजले.

"तुम्हीच का नाही सांगितलं?"

"माझे शर्ट शिवायला आहेत त्यांच्याकडे," डॉक्टर म्हणाले आणि दार लावून घेतलं.

घरी येईस्तोवर मास्तरांना सगळा उलगडा झाला होता. मान थकली आहे. मान कधी थकते? आधार कमी पडतो तेव्हा. म्हणजे चूक त्यांचीच होती आणि ती कबूल करायला ते मुळीच लाजले नाहीत. कॉलर बुटकी झाली होती. त्यांनी बॉबिनसाठी नवी, उंच कॉलर शिवली. मानेचा भार पेलायला बकरमचा तिसरा थर.

ही कॉलर बॉबिनच्या कानाला भिडायची. त्याला खालचं काही दिसेनासं झालं. दुधाची बशी उलट्या डब्यावर ठेवावी लागली. उडीचा अंदाज चुकून तो काचेऐवजी बटणांच्या खोक्यात पडला आणि आईचा अख्खा दिवस बटणं वेचण्यात गेला. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला आता खाजवताही येईना. तो पाय उचलायचा, पाय कॉलरवर आपटायचा, आणि मग तो ठिणगीकडे असा बघायचा, की वक्तृत्वाचा करंडक कपाटात तोंड फिरवून ठेवावासा वाटावा.

करंडक कसला, तिला वाटलं. दुष्काळ ते अंतराळ सगळ्यांवर बोलता येतं आणि घरातल्या बोक्याबद्दल बोलता येत नाही.

बोलायचं म्हणजे काय होतं, हे तिला नीट कळत होतं. बाबांकडे दुसरं काय होतं? त्यांना ना मोठं दुकान, ना हाताखाली माणसं. एक कॉलर होती आणि त्या कॉलरवर उभं राहिलेलं नाव होतं. तेच काढून त्यांच्या हातात द्यायचं, आणि तेही तिने. रविवारी फोटो निघाला की पाटीवर बॉबिन त्या कॉलरसकट कायमचा जाणार होता. मग कॉलर पाटीवरून उतरायची नाही आणि बोक्याच्या गळ्यातूनही. तिने शनिवारी भाषण पाठ केलं. 'आदरणीय बाबा' अशी सुरुवात होती.

रविवारी सकाळी दुकान धुऊनपुसून लखलखीत झालं. फोटोवाला दिवे, छत्र्या आणि तिपाई घेऊन आला. त्याच्याही अंगात मास्तरांचाच शर्ट. मलमाचा परिणाम बघायला म्हणून डॉक्टर आले, पण खरं तर शर्ट घ्यायला आले होते. बेकरीवाला बघायला आला. मास्तर जिन्यावरून खाली उतरले आणि सगळे बघतच राहिले. बंडीतला माणूस कुठल्या कुठे गेला होता. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि अशी कॉलर, की तिच्यावर दिवा ठेवला असता तर पडला नसता.

किती रुबाबदार दिसत होते बाबा. 'आदरणीय'च्या पुढचं सगळं ठिणगी विसरली.

मास्तर खुर्चीत बसले. शेजारच्या उंच स्टुलावर बॉबिनला बसवलं. उजेड परतवायला पांढरी चादर धरून ठिणगी समोर उभी राहिली. फोटोवाला चोखंदळ माणूस. दिवा इकडे, दिवा तिकडे, मास्तर हनुवटी वर, साहेब तुम्हीपण. साहेब म्हणजे बॉबिन. दिवे तापले. दुकान तापलं. खळीला घाम फुटला.

"हसा," फोटोवाला म्हणाला.

बॉबिनचा पाय वर गेला. फोटो बाद.

"पुन्हा. हसा."

या खेपेला बॉबिन स्थिर होता. मास्तरांचं बोट कॉलरमध्ये होतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. काज जरा घट्ट झालंय."

"काज तुमच्याच मापाचं आहे अहो."

मास्तरांनी बोट काढलं. पुन्हा हनुवटी वर, पुन्हा हसू. पण आता त्यांचा चेहरा हळूहळू ज्या रंगाचा होत चालला होता, तो ठिणगीने आधी पाहिला होता. प्रार्थनेच्या रांगेत, रुमाल घरी विसरलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर. मास्तरांनी मान डावीकडे वळवली. कॉलर आली नाही, मान तेवढी घासली. उजवीकडे वळवली, तेच. त्यांनी एक खांदा वर उचलून तो मानेला टेकवण्याचा प्रयत्न केला. शेजारी बॉबिनही नेमकं तेच करत होता. फोटोवाला डोळ्याला कॅमेरा लावून वाट बघत राहिला आणि ते दोघं एका तालात मान वेळावत राहिले.

चादर खाली आली. कारण चादर धरणारी बोलायला लागली होती.

"बाबा, टोचतेय ना?"

बेकरीवाल्याने एकदम छताकडे बघायला सुरुवात केली.

"टोचत नाहीये," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "आहे हे जाणवतंय, इतकंच."

ठिणगीने शाळेत करते तसा दीर्घ श्वास घेतला, पण शाळेतला आवाज आला नाही. साधाच आला. तिने स्वतःची कॉलर उलटी केली आणि आतली रुमालाची घडी बाहेर काढली.

"मलापण जाणवते बाबा. अख्ख्या वर्गाला जाणवते. तुमच्यासारखी कॉलर कुणाला जमत नाही, मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. पण ती कॉलर बघणाऱ्यासाठी शिवलेली आहे. घालणाऱ्यासाठी नाही. आम्ही रुमाल घालतो. बॉबिनला घालता येत नाही."

मास्तरांनी त्या रुमालाकडे पाहिलं. मग त्यांनी आधारासाठी डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही तर म्हणालात, छे छे."

डॉक्टरांनी घसा खाकरला, मान खाली घातली आणि कॉलरच्या आतून कापसाची लांब पट्टी ओढून काढली. ती निघतच राहिली. फोटोवाल्याने आपल्या कॉलरमधून भिंगं पुसायचं मऊ कापड काढलं. बेकरीवाला छताकडे बघत असतानाच त्याच्या मानेपाशी काहीतरी चुरचुरलं. तो लोणी गुंडाळायचा कागद होता.

कापड कापायच्या टेबलावर हा सगळा ऐवज एका रांगेत जमला. मास्तरांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. आता कात्री खाली ठेवतील, ठिणगीला वाटलं, पण कात्री हातात नव्हतीच.

"इतकी वर्षं," ते शेवटी म्हणाले, "एकानेही सांगू नये?"

"कसं सांगणार?" आई म्हणाली. "तुम्ही माप घेताना गळ्याभोवती टेप आवळता आणि मग विचारता, काही म्हणणं आहे का."

आधी बेकरीवाला हसला. मग डॉक्टर. मास्तर हसले नाहीत. ते वळले, आणि त्यांनी आधी बॉबिनच्या कॉलरचा हूक काढला. मग बटण. त्यांनीच इतकं पक्कं शिवलं होतं, की त्यांनाच वेळ लागला. कॉलर निघाली. आतला तो लाल, केस गेलेला पट्टा त्यांनी जवळून, चष्मा वर सरकवून पाहिला. त्यांचा अंगठा त्या पट्ट्याच्या कडेने अलगद फिरला, शिवलेल्या टिपेवरून फिरतो तसा. मग त्यांनी स्वतःचं वरचं बटण उघडलं. त्याखालचं उघडलं. आणि एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा कापूस हलला.

बॉबिनने मान लांब केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, सगळीकडे वळते याची खात्री करून घेतली आणि हनुवटी वर करून डोळे मिटले. शेजारी मास्तरांचंही तेच चाललं होतं. फोटोवाला चोखंदळ असला तरी मूर्ख नव्हता. त्याने बटण दाबलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दुकान बंद होतं. आतून मशीनचा आवाज यायचा, मग उसवण्याचा, मग पुन्हा मशीनचा. बकरम एकेरी झालं, ते पाण्यात भिजून मऊ झालं, खळ गेली, पट्टीच्या आत मुलायम सुती अस्तर आलं. प्रत्येक कॉलर मास्तर स्वतः घालून दिवसभर मशीनवर बसत, आणि संध्याकाळी ठिणगीला बोलावून मान दाखवत. लाल दिसलं की उसव. ठिणगीने एकदा सांगून टाकलं, की आता पुरे, छान झालीये. ते म्हणाले, "तू गप. आजवर गप्प होतीस तशी." पण म्हणताना ते हसत होते, आणि गिऱ्हाइकांना सांगताना तर वेगळंच सांगत. "माझी पोरगी. अख्ख्या दुनियेची वाचा बसली होती, ती एकटी बोलली." हे ते इतक्यांदा सांगत, की ठिणगीला दुकानातून जाताना मागचं दार वापरावंसं वाटावं. पण ती मुद्दाम पुढचं वापरायची.

नवीन कॉलर मान टाकत नव्हती आणि मान खातही नव्हती. मागच्या बाकावरची रुमालाची शिकवणी बंद पडली. पाटीही लागली. कॉलरमास्तर हे मोठ्या अक्षरांत, आणि खाली फोटोत उघड्या गळ्याचा एक माणूस आणि उघड्या गळ्याचा एक बोका, दोघंही डोळे मिटून, हनुवटी वर. कॉलरच्या दुकानाच्या पाटीवर कॉलरच नाही, हे बघून लोक विचारायला आत यायचे आणि शर्ट शिवायला टाकून जायचे.

बॉबिनच्या गळ्यात काहीही बांधायचं नाही, असा मास्तरांचाच हुकूम होता. बेकरीवाल्याला त्याचा चेहरा आता पाठ होता. रोज मलम लावून लावून चट्टा बरा झाला, कातडी मऊ झाली, आणि एक दिवस तिथे बारीक लव दिसायला लागली. ठिणगी रोज बघायची. लव वाढली, केस आले, आणि एका सकाळी ती बोक्याला उचलून धावतच दुकानात आली.

"बाबा, हे बघा."

काळ्याकुळकुळीत बोक्याच्या गळ्याभोवती नवे केस आले होते ते पांढरेशुभ्र. एका ओळीत, कडा अगदी सरळ, रुंदी पट्टीएवढी. शर्ट न्यायला आलेले डॉक्टर म्हणाले, की जखम झालेल्या जागी कधी कधी केस असे पांढरे येतात, काळजीचं काही नाही, त्याला काही त्रासही नाही. बॉबिनला तर त्रास दिसतच नव्हता. तो जाऊन काचेमागे बसला आणि पुन्हा रस्त्याची रजा नामंजूर करू लागला.

मास्तर उठले. त्यांनी चष्मा पुसला, काचेपाशी गेले, वाकून बोक्याच्या गळ्याला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. अस्तर नाही, टीप नाही, बटण नाही. कुठे सुरकुती नाही. त्यांनी दोन बोटं पुढे केली, ती पांढरी पट्टी उगीचच सरळ केली आणि वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"माप माझंच आहे."